बिनखिळ्याची जोडी

हौसानं चपला हातात घेतल्या, उलट्या करून पाहिल्या आणि माझ्या पुढ्यात टाकल्या.

“ह्या घालून मी गावात जायची न्हाई.”

“का? मापात नाहीत?”

“मापात हायेत. पर मामा, ह्या चपला नव्हंत, दवंडी हाय. येशीत पाय टाकला की सारं गाव म्हणंल, आली बघा माळावरनं.”

तिचं चुकीचं नव्हतं. मिशनकडून आमच्या दवाखान्यात येणाऱ्या त्या चपला काळ्या जाड रबराच्या होत्या, वर दोन रुंद पट्टे आणि मागं बक्कल. तळ इतका मऊ की अंगठा दाबला तर आत जाई. पण साऱ्या मुलखात तशा चपला आमच्याच लोकांच्या पायात असत. एसटीत आमचा माणूस चढला की लोक आधी पाय बघत, मग तोंड बघत, मग सरकून बसत.

कोपऱ्यातल्या टेबलाशी सालोमी सिस्टर रजिस्टर लिहीत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, “हौसा, तुझ्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती. आता भरत आलीय. शनिवारी तू घरी जाणार. तिथं अनवाणी फिरलीस, तर तुला खडा टोचलेला कळणार नाही, काटा मोडलेला कळणार नाही. वर्षाच्या आत पाय जाईल.”

“आन् ह्या घातल्या तर घर जाईल.” हौसा उंबऱ्यावर बसली. “सासूला वाटतंय मी म्हायेरी हाय. मालकांना ठावं हाय, त्येनीच गुपचूप आणून सोडलं. गोळ्या मी पिठाच्या डब्यात लपवीन. चपला कुठं लपवू? तीन वर्साची लेक हाय माझी. तिला ठिवून घेतील आन् मला काढतील. तुमीच सांगा सिस्टर, पाय राखू का पोर राखू?”

सिस्टरनी रजिस्टरचं पान उलटलं.

मी चपला उचलल्या. सवयीनं कड दाबून पाहिली. “तळ चांगला आहे,” मी म्हणालो. “हाच तळ दोन चामड्यांच्या मधे घातला, वरून बायकी पट्टा लावला, तर कुणाला कळणार नाही.”

“तुमाला काय कळतंय त्यातलं?” हौसा म्हणाली. “पडवीत बसून जोड्या वाटायचं काम तुमचं. उद्या म्हणाल, इमान चालवतो.”

“मी चांभार आहे.”

टेबलाशी चाललेला टाक थांबला. बावीस वर्षांपूर्वी मला बैलगाडीतून इथं आणून टाकलं, तेव्हा सिस्टर नव्याच होत्या. त्यांनीच माझं नाव लिहून घेतलं होतं. धंदा विचारला, तेव्हा मी मोलमजुरी सांगितलं होतं, आणि तेच रजिस्टरात होतं.

ही सगळी गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. आमचा दवाखाना मिशनचा, महारोग्यांचा, नगरकडच्या एका उघड्या माळावर. मी तेव्हा पंचेचाळिशीचा होतो. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, त्या जागी लाकडी पाय. हाताची चार बोटं आखडलेली. रोग कधीच बरा झाला होता, पण गेलेली संवेदना परत येत नाही. आगीत हात घातला तरी मला वासावरून कळे. इथं येऊन तीन वर्षांनी माझा बाप्तिस्मा झाला आणि रावजीचा मी शांतवन झालो.

माझं काम चपला वाटायचं. चपलेत पाय ठेवतो त्या जागी खडूनं नाव लिहायचं, म्हणजे जोड्यांची अदलाबदल होत नाही. दिवसभर चाललं की नाव पुसतं, तोवर चप्पल पायाला बसलेली असते. आधी मी जोड्या लक्षात ठेवून वाटायचो. चाळिशीत सिस्टरनी मला पाटी दिली. “नावं तरी लिहायला शिका,” म्हणाल्या. मी माझं नाव शिकलो, मग वॉर्डातली सगळी नावं शिकलो. एके दिवशी त्या म्हणाल्या, “आता घरच्यांची लिहा.” मी ठकू असं लिहिलं. माझ्या बायकोचं नाव.

“आणखी?”

मी पाटी पुसून टाकली.

हौसाच्या कागदावर गाव बोरजाई लिहिलं होतं. सिस्टर बाहेर गेल्या तेव्हा मी ते वाचलं. बोरजाईला बाजार भरत नाही. तिथली माणसं दर मंगळवारी कासारखेड्याच्या बाजाराला जातात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ठकू कासारखेड्याची.

हौसाला मी काहीच विचारलं नाही.

संध्याकाळी सिस्टर पडवीत आल्या. “बावीस वर्षं माझ्या हातून खोटं लिहवून घेतलंत तुम्ही.”

“पुन्हा आरी धरायची नव्हती.”

“का?”

“एका खिळ्यापायी.”

त्या म्हणाल्या, “चामडं कुठलं आणू?”

मंगळवारी सामान आलं. तळाला जाड चामडं, वरती मऊ, शिवायला चामड्याची बारीक वादी, कापायला एक रापी आणि भोकं पाडायला एक आरी. रापी धरली आणि हाताला काही कळलं नाही, तरी मनगट आपोआप वळलं. चामडं कापायला सुरुवात केली. बापाचा हात माझ्या हातात कुठंतरी शिल्लक होता.

अडचण शिवायची होती. आरी चामड्यातून गेली की बोटात, हे मला कळेना. म्हणून सिस्टर दुपारची जेवणाची सुट्टी टाकून माझ्यासमोर बसायच्या आणि नुसत्या माझ्या हातांकडं बघायच्या.

“बोट,” त्या म्हणायच्या.

मी बोट मागं घ्यायचो.

“बोट, शांतवन.”

हौसा खांबाला टेकून बसलेली असायची. “मामा, चपलेपक्षा तुमच्या बोटालाच जास्त टाके पडत्याल. मग मी घालू काय, तुमचं बोट?”

“तू गप बस. तुझ्या पायाचं माप हत्तीच्या पायाएवढं आहे, म्हणून वेळ लागतोय.”

“माझ्या सासूला म्हणा तसं. ती म्हणती, हिचं पाय कोंबडीवानी हायेत.”

तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वय विचारलं, तर म्हणाली, “बावीस असंल, न्हाईतर तेवीस.” माझ्या हातातली वादी निसटली. ती मी परत ओवली.

गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. चर्चमधे बायका गाण्याचा सराव करत होत्या, आवाज पडवीपर्यंत येत होता. सिस्टर तेच गाणं हळू गुणगुणत होत्या. खिळ्यांचं कडवं आलं आणि माझ्या तोंडून गेलं, “ते गाणं मला नका ऐकवू.”

“का?”

“दर वर्षी चर्चमधे पाळकसाहेब सांगतात, त्याच्या हातापायांत खिळे ठोकले, त्याला तुमचं दुःख ठाऊक आहे. ठाऊक नाही, सिस्टर. त्याला दुखलं. खिळा शिरला तेव्हा त्याला कळलं तरी. मला कळलंसुद्धा नाही.”

मी इतकी वर्षं हे कुणाजवळ बोललो नव्हतो. देवाजवळ बोललो होतो, पण तिथून काही आलं नव्हतं.

सिस्टरची नजर माझ्या हातावरून हलली नाही. त्या म्हणाल्या, “मी लहान असताना वडिलांना एक विचारलं होतं. तो मेलेल्यांतून उठला, सगळं नवं झालं, मग हातापायांतली भोकं का राहिली? देवाला बुजवता आली नसती का?”

“मग? वडील काय म्हणाले?”

“म्हणाले, जेवून घे.” त्या हसल्या. “पुढं मीच वाचलं. बरोबरच्या माणसांना त्याच्या तोंडावरून खरं वाटेना, आवाजावरून वाटेना. भोकं दाखवली, तेव्हा ओळख पटली. एवढंच मला माहीत आहे. बोट, शांतवन.”

मी बोट मागं घेतलं. वादी ओढली, गाठ मारली आणि तिचं टोक चामड्याच्या दोन थरांमधे आत वळवून दाबलं.

“ही गाठ अशी काय मारता?” हौसानं विचारलं.

“बाहेर राहिली तर पायाला लागते.”

“मला कुठं लागणार हाय? मला तर काय कळतच न्हाई.”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

शनिवारी सकाळी जोडी तयार झाली. बदामी रंगाचा पट्टा, अंगठ्याला गोल कडी, कडेनं बारीक वेणी. आत कुठं काळं रबर आहे हे मलासुद्धा दिसत नव्हतं. हौसा साडी नेसून, गाठोडं घेऊन एसटीसाठी निघाली होती. तिनं जोडीला हात घातला.

“थांब,” मी म्हणालो. एक चप्पल उचलली, डोळे मिटले आणि जिथं पाय ठेवायचा तो भाग उजव्या गालाला लावला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत गालावरून हळूहळू फिरवला. मग दुसरी.

हौसा मागं सरकली. “अवं मामा. पायताण तोंडाला लावता?”

“तुझ्या पायाला कळत नाही. माझ्या हाताला कळत नाही. गालाला कळतं.”

“म्हणून काय चप्पल गालाला? लोकांनी बघितलं तर काय म्हणतील?”

“तू बस. एसटीला वेळ आहे. तुला एक सांगतो, आणि ते ऐकून मग एक शब्द द्यायचा.”

ती बसली. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्याही तिथंच थांबल्या.

मी सांगितलं. माझं लग्न झालं, वर्षानं बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. माझी बहीण आत्या म्हणून आदल्या दिवशी गाडीनं पुढं गेली, नाव तीच ठेवणार होती. काय ठेवणार ते तिनं मला सांगितलं नाही. म्हणाली, पाळण्यापाशीच ऐक. मी मागं राहिलो, कारण मला लेकीसाठी पायताणं शिवायची होती. करडाच्या मऊ कातड्याची, माझ्या अंगठ्याएवढी. तेवढ्याशा पायताणात खिळा कुठं मारणार? वादीनं शिवली आणि गाठी आत वळवल्या, म्हणजे तिला टोचायच्या नाहीत.

“आन् मग?” हौसानं विचारलं.

“मग माझ्या स्वतःच्या वहाणेची टाच सुटली होती. सासुरवाडीला जायचं, फाटकी वहाण कशी न्यायची? नवी टाच लावली, चार खिळे मारले. खिळे मारले की चांभार आत हात फिरवतो. टोक वर आलं असेल तर हाताला लागतं, मग ते ठोकून बसवायचं. बाप शिकवताना पहिली गोष्ट ती शिकवतो. मी हात फिरवला. काही लागलं नाही.”

सिस्टरनी दाराची चौकट धरली. त्यांना पुढचं आधीच कळलं असावं.

“चार कोस चालत गेलो. बारशाला माणसं जमली होती. अंगण सारवलेलं, घरात पाळणा सजवलेला. मी हसत आत गेलो, सासूच्या हातात पायताणं दिली. ती पायताणं बघायची सोडून माझ्यामागं खाली बघायला लागली. वेशीकडनं उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून पाळण्यापर्यंत रक्ताची पावलं होती. एकाच पायाची. सासू म्हणाली, जावईबापू, पायाला काय झालं? मी म्हणालो, काही नाही. सासऱ्यानं माझा पाय धरून वहाण ओढली. खिळा बोटाच्या पेराएवढा वर आला होता आणि वहाणेत रक्ताचं तळं झालं होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, दुखत नाही? मी म्हणालो, नाही.”

हौसानं पदर तोंडावर घेतला होता. ज्याचा पाय दुखत नाही तो कोण, हे आमच्या मुलखात म्हातारीकोतारीपासून सगळ्यांना ठाऊक असतं.

“पाळण्याची दोरी धरलेल्या बायका मागं झाल्या. ठकू ओली बाळंतीण, तशीच उठून माझ्याकडं यायला लागली, तिला तिच्या भावानं धरलं. सासऱ्यानं तीच वहाण हातात घेतली आणि माझ्या तोंडावर मारली. खिळ्यानं गाल फाटला.” मी तिला खूण दाखवली. दाढीच्या वर, पांढरी रेघ. “तेवढं दुखलं. त्या दिवशी मला कळलेलं तेवढंच.”

“आन् बारसं?”

“मी वेशीबाहेर गेलो तोवर गाणं काही ऐकू आलं नाही.”

“मग लेकीचं नाव काय ठिवलं?”

“माहीत नाही.”

“इचारलं न्हाई कुणाला? इतकी वर्सं?”

“कुणाला विचारू? जो सांगायला जाईल तो म्हणेल, हिचा बाप माळावर आहे. तिचं लग्न व्हायचं असेल. झालं असलं तर मोडेल.”

हौसानं गावाचं नाव विचारलं. ते मी सांगितलं नाही. तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सांगितलं नाही.

“आता शब्द दे,” मी म्हणालो. “रोज सांजेला तळपाय बघायचा. चप्पल घालायच्या आधी आतून गालाला लावायची, दार लावून घे आणि लाव. आणि पट्टा सुटला, काही झालं, तरी कुणाला खिळा मारू द्यायचा नाही. कुणी चांभार म्हणेल, दोन खिळ्यांत काम होतं. तू म्हणायचं, वादीनंच शिवायची.”

“दिला शब्द,” ती म्हणाली. तिनं चपला पायात घातल्या, चार पावलं चालून बघितली. मग खाली वाकली. मला वाटलं चपलेला काही झालं. तिनं माझ्या लाकडी पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मी नको म्हणेपर्यंत ती फाटकाशी पोचली होती.

सिस्टर म्हणाल्या, “दुसरी जोडी कधी सुरू करताय?”

सोमवारी सुरू केली.

दसरा झाल्यावर हौसा तपासणीला आली. पायाची जखम भरून कातडी घट्ट झाली होती. डॉक्टरांचं झाल्यावर ती पडवीत आली. तोवर माझ्यामागं भिंतीला अकरा जोड्या टांगलेल्या होत्या. ती नेहमीसारखी काही लागट बोलली नाही. खाली बसली, पायातली उजवी चप्पल काढली आणि माझ्या हातात दिली.

“पट्टा सुटला व्हता,” ती म्हणाली. “शिवून घेतला.”

“खिळा?”

“न्हाई. सांगते. कासारखेड्याच्या बाजारात येक बाई बसती, पायताणं शिवायला. मी म्हणलं, मावशी, खिळा मारायचा न्हाई, वादीनंच शीव. तिचा हातोडा वर व्हता तो तसाच राह्यला. म्हणली, खिळा नगं? का गं? मी म्हणलं, टोचतो. तिनं चप्पल उलटी केली. आतली गाठ शोधली. लई येळ बघत व्हती, मामा. मला म्हणली, बस हितंच. आन् सामान तसंच टाकून घरला गेली.”

मी चप्पल मांडीवर ठेवली.

“परत आली तवा फडक्यात काय तरी गुंडाळलेलं. तान्ह्या लेकराची पायताणं, येवढी येवढी. त्यातली गाठ बघितली, माझ्या चपलेतली बघितली. मग इचारलं, ह्या कुठं घेतल्या? मी म्हणलं, बाजारात. ती म्हणली, कुठल्या बाजारात, ते मी इचारत न्हाई. आन् मग तिनं पट्टा शिवला. शिवताना डोळं पुसायला थांबली न्हाई, तशीच शिवली.”

मी चप्पल फिरवून पट्ट्याच्या जागी बघितलं. माझ्या टाक्यांशेजारी चार नवे टाके होते. माझ्यापेक्षा बारीक. लग्नानंतर वर्षभर ठकू माझ्याशेजारी बसून काम करायची, तेव्हाही तिचे टाके माझ्यापेक्षा बारीकच होते. मी डोळे मिटले आणि ती जागा गालाला लावली. टाचेकडून अंगठ्याकडं, पुन्हा अंगठ्याकडून टाचेकडं. गाठ लागली नाही. तिनं ती आत वळवली होती.

मी ती चप्पल किती वेळ तशी धरून होतो ते ठाऊक नाही. हौसानं मागितली नाही. एका पायात चप्पल आणि एक पाय मांडीखाली घेऊन ती बसून राहिली.

मग म्हणाली, “निरोप दिलाय. म्हणली, ज्यांनी शिवल्या त्ये परत भेटले तर सांग, त्या दिशी पाळणा हालला न्हाई. आत्या तशीच निघून गेली. महिन्यानं मी येकटीनंच नाव ठिवलं. गोजरा.”

“गोजरा,” मी म्हणालो.

“चांगल्या घरी दिलीय. दोन लेकरं हायेत. बाप परागंदा झाला म्हणून सांगितलंय सासरी. म्हणली, त्येंना सांग, यिऊ नका.”

“नाही जाणार.”

“मला ठावं हाय.” हौसानं चपलेसाठी हात पुढं केला, मी दिली. ती घालता घालता म्हणाली, “कपाळाला कुंकू ठसठशीत व्हतं तिच्या. म्हणून मी निघताना इचारलं, मावशी, मालक काय करत्यात तुमचं? ती माझ्या पायाकडं बघत व्हती. म्हणली, चपला शिवत्यात.”

हौसाची एसटी गेल्यावर मी सिस्टरच्या टेबलाशी गेलो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं, बावीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं, मोलमजुरीवर रेघ मारली आणि शेजारी चांभार असं लिहिलं. मग खडूचा एक नवा तुकडा माझ्या हातात ठेवला.

ठकूला मी नंतर कधी पाहिलं नाही. गोजराला तर कधीच नाही. हौसा पुढं दोन वर्षं यायची, गोळ्या संपल्यावर यायची थांबली, आणि तेच बरं झालं. सालोमी सिस्टर आता चर्चमागच्या दफनभूमीत निजल्या आहेत. त्या जोडीनंतर तीस वर्षं मी चपला शिवल्या, आणि आमच्या पडवीत खिळ्यांचा डबा कधी आला नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आहेत, त्यांचे हात चांगले आहेत, त्यांना कळतं. तरी जोडी द्यायच्या आधी त्या गालाला लावतात. आमच्याकडं तशीच पद्धत पडली आहे. त्या खिळ्याबद्दल देवाला विचारायचं मी हौसाची जोडी शिवून दिल्यापासूनच सोडलं. उत्तम शुक्रवारी आता गाणं पूर्ण म्हणतो, खिळ्यांच्या कडव्यासकट.

सिस्टरनी दिलेला खडू घेऊन मी त्या संध्याकाळी पडवीत बसलो. एक रिकामी चप्पल समोर होती. तिच्यात लिहायला हात गेला आणि मागं घेतला. पायाखाली ते नाव दिवसभरात पुसलं असतं. मी उठलो आणि आरी जिथं टांगतो तिथं, भिंतीवर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. गोजरा.

दर नाताळाला भिंतींना चुना मारतात. नाव त्याखाली जातं. मी दोन दिवस थांबतो, चुना वाळू देतो, आणि पुन्हा लिहितो.